तुलनेचा रस्ता

दोन रस्ते निवडायचे होते.
दोन्ही बेळगावातून पश्चिमेला जाणारे,
दोन्हीकडं काजू, वळणं, धाबे,
शनिवारी रात्री परतणारी तशीच माणसं.
एकावर नाका बसवायचा, एकावर काहीच नाही.
मी नाणं उडवलं. ते टेबलावर गरगरलं,
स्टेपलरला लागून पडलं.
बाचीच्या रस्त्याला मशीन मिळालं.
जांबोटीचा तुलनेला राहिला.

वर्षभर दर शनिवारी
हवालदार मुगळी पिवळी बॅरिकेडं ओढायचा,
काचेवर टकटक करून म्हणायचा, 'ऊद्री',
आणि समोरचा मराठी निघाला की, 'फुंका हो, जोरात.'
मशीन क्षणभर विचार करायचं.
बहुतेकदा शून्य.
कुणी फुंकायच्या ऐवजी हवा आत ओढायचा,
कुणी मूठभर बडीशेप चावून यायचा.
मुगळी हसायचा, 'मशीनला नाक नसतंय रे.'

एकोणीस अपघातांचे बारा झाले.
पेपरात फोटो आला, बॅरिकेडाशेजारी साहेब.
मी म्हटलं, थांबा.
हे दोन रस्ते निवडले तेच मुळी वाईट वर्ष बघून,
आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष
आपोआपच थोडं शहाणं वागतं.

शिवाय नाक्यापुढं शिनोळी.
चार पावलांवर राज्य बदलतं.
बोली बदलत नाही, चिखल बदलत नाही,
बाटलीचा भाव बदलतो
आणि पडलेल्या माणसाचं पोलीस ठाणं.
नाका चुकवायला तिकडंच रेंगाळले किती,
तिकडंच आपटले किती,
ते चंदगडच्या वहीत.
मी तीन अर्ज केले.
वही अजून सीमेपलीकडंच आहे.

जांबोटीच्या रस्त्यावर सतराचे पंधरा.
त्या पंधरांत किणयेचा भरमा,
रताळ्यांची पोती मार्केटात टाकून
लुनावरून घरी निघालेला.
तो थेंबालाही न शिवणारा.
पिलेला होता तो पिकअपवाला.

मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा
मल्लवा वेल कापत होती, पुढच्या लागवडीचे.
'काय लिवूलैस बाई?'
मी सांगितलं.
'बाचीला मशीन हाय म्हणे. हिकडं का नाय?'
वाक्य तयार होतं माझ्याकडं, प्रस्तावात, पान चारवर:
परिणाम मोजण्यासाठी एक रस्ता आहे तसाच ठेवण्यात येईल.
ते मी उच्चारलं नाही.
म्हटलं, पुढच्या वर्षी बसवतील.
'पुढच्या वर्षी,' ती म्हणाली,
आणि कोयता पुन्हा वेलाला लावला.

रात्री विश्वासाच्या मर्यादा काढल्या.
एक टोक उण्यात, एक अधिकात,
आणि मधे मांडी घालून बसलेलं शून्य.
मशीनवर शून्य आलं की मुगळी हात हलवायचा, जावा.
माझ्या कागदावर शून्य आलं
तर मी कुणाला सोडू?

मुगळीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?
तो बराच वेळ बॅरिकेडाचं चाक तपासत राहिला.
मग म्हणाला, 'परवा एकाची किल्ली काढून घेतली, मॅडम.
त्याची बायको रिक्षा करून आली, शिव्या घालत,
त्याला का मला, कळलं नाही.
घेऊन गेली त्याला.
हे कुठं लिवनार तुम्ही?'
मी तक्ता उलटा करून पाहिला.
पोचलेल्यांचा रकाना नव्हता.

अहवालात लिहिलं, परिणाम असावा.
खाली, नसेलही.
त्याखाली, आणखी एक वर्ष लागेल, आणखी एक रस्ता.
ती ओळ खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली.
शेवटी शिफारस एकच ठेवली:
जांबोटीलाही नाका बसवा.

साहेबांनी चष्मा वर केला.
'मग तुलना कशाशी करणार?'

प्रश्न बरोबर होता.
मीच शिकवते तो, दुसऱ्या वर्षाला, जूनमध्ये.

शेवटच्या बसनं निघाले, जांबोटीच्या.
ड्रायव्हरच्या मागची सीट धरली
आणि किणयेच्या वळणापर्यंत
त्याच्या श्वासाचा वास घेत राहिले.
तंबाखू होती नुसती.
नाणं पर्समध्येच होतं, दोन रुपयांचं.
कंडक्टर सुट्टे मागत होता.
मी नाहीत म्हटलं.